तारमास्तर आणि माझी सही

सही करायला मला फार वेळ लागतो. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी कागद घेऊन आला की दारातूनच म्हणतो, "आजोबा, नुसती सही हवीय, वाचण्यासारखं काही नाही त्यात." मी कागद घेतो, चष्मा लावतो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. तो बिचारा या पायावरून त्या पायावर होत उभा राहतो. लोकांना वाटतं, म्हातारा सरकारी नोकरीत मुरलेला, सावध आहे. मीही त्यांचा समज तसाच राहू देतो. खरं म्हणजे ही सवय मी एका माणसाकडून उचलली, आणि उचलली तीही फार उशिरा, जे व्हायचं ते होऊन गेल्यावर.

त्या माणसाचं नाव रघुनाथ सखाराम पेडणेकर. अंधेरीच्या पूर्वेला, रस्ता संपून दगडाच्या खाणी जिथं सुरू होत, तिथं खोतांच्या बैठ्या चाळीत आम्ही शेजारी होतो. ते तार खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून सगळी चाळ त्यांना तारमास्तर म्हणे. बायको वारलेली, एकुलती मुलगी बेळगावला दिलेली. उंच, किडकिडीत माणूस. भर उन्हातही बंद गळ्याचा कोट, आणि त्या कोटाच्या खिशांत एक टपरी मावेल एवढं सामान: टाक, दौत, अंगठ्यासाठी शाईची गादी आणि चुन्याच्या डबीत रॉकेलची चिंधी. अंगठा उठवून झाला की मास्तर स्वतः त्या चिंधीनं समोरच्याचा अंगठा पुसून देत. बाईमाणूस असेल तर चिंधी तिच्या हातात देऊन दुसरीकडे बघत.

विचार करायला लागले की त्यांचं बोट टेबलावर, गुडघ्यावर, असेल तिथं कडकट्ट वाजत राही. बोलणं तुटक. चाळीतल्या बायका म्हणत, यांच्याशी बोलायचं म्हणजे तारच करायची. पण कागद वाचायला घेतला की हाच माणूस घाई विसरायचा.

मी नवा राहायला आलो तेव्हाची गोष्ट. रस्त्याच्या वळणावर दिवा हवा म्हणून त्यांनी अर्ज केला होता आणि सह्या घेत ते आमच्या दारात आले. मी कचेरीतून दमून आलेलो. म्हटलं, "द्या इकडे मास्तर, करून टाकतो. तुमच्यावर विश्वास आहे."

त्यांनी पुढे केलेला टाक मागे घेतला.

"माझ्यावर विश्वास ठेवून काय करता, ताम्हाणे? मी काय राजा आहे? राजे गेले सगळे. कागदावर ठेवा. बसा, ऐका."

आणि त्यांनी अख्खा अर्ज वाचून दाखवला. 'मेहेरबान साहेबांस' पासून 'तसदीबद्दल क्षमा' पर्यंत. मग विचारलं, "ऐकलंत ना पुरतं?" मी होय म्हटल्यावर टाक दिला. चाळीत चौदा बिऱ्हाडं. चौदा वेळा हेच. एकदा मी थट्टेनं म्हणालो, "मास्तर, एकदाच अंगणात उभं राहून वाचा की, सगळ्यांना मिळून." तेव्हा त्यांनी मला तार खात्यातली रीत सांगितली. "घेतलेली तार गिऱ्हाइकाला परत वाचून दाखवायची. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर कुठंतरी एक बाप उगाच रडत बसतो. वाचून दाखवली, तो 'होय' म्हणाला, की मग ती तार त्याची. तो 'होय' म्हणेपर्यंत ती माझी. चूकही माझी, जबाबदारीही माझी." मला हे वाक्य तेव्हा गमतीचं वाटलं होतं. मी ते कचेरीत नक्कल करून दाखवलं आणि लोक हसलेही.

सरकारकडून उत्तर आलं तरी तेच. बहुतेक उत्तरं नकाराची असत. मास्तर तो नकार घेऊन परत चौदा दारं फिरत. "सगळ्यांनी मिळून विचारलेलं, उत्तर मी एकट्यानं वाचून ठेवलं तर ते दुसऱ्याचं पत्र फोडल्यासारखं झालं," असं म्हणत. दिवा मात्र आला. वर्षभरानं का होईना, आला. त्याच्या उजेडात मास्तरांना मोजकंच हसताना मी पाहिलं.

मग पहिली निवडणूक जाहीर झाली. आज कुणाला सांगून खरं वाटायचं नाही, पण तेव्हा लग्नघरासारखी धांदल होती. मास्तर तर अंगात आल्यासारखे झाले. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि पडद्याआड जाऊन आपल्याला हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. खाणीवरच्या बायकांना हे कळेना. तिथं कोंडाबाई म्हणून एक घाटावरची बाई होती, दगड फोडून फोडून खांदे पुरुषासारखे झालेली. ती म्हणाली, "पेटीत कुनी बघत आसंल तर?"

मास्तरांनी तुपाचे तीन रिकामे डबे मिळवले, त्यांना भोकं पाडली, वर चित्रं काढली, विहिरीचं, झाडाचं आणि चुलीचं, आणि माझ्या बायकोची जुनी चादर पडद्याला मागून नेली. सुमननं ती आनंदानं दिली. प्रश्न असा ठेवला की खाणीवरच्या पाण्याचा पिंप कुठं ठेवायचा: विहिरीजवळ, झाडाखाली की चुलींच्या बाजूला? मास्तरांचं स्वतःचं मत झाडाखाली, सावली म्हणून. बायका एकेक करून पडद्याआड गेल्या, लाजत, हसत, तोंडाला पदर लावून. डबे उघडले तर झाडाच्या डब्यात एकच चिठ्ठी, आणि ती मास्तरांची. बाकी सगळ्या चुलीच्या डब्यात.

"अगो बायांनो, उन्हात पाणी तापेल!" मास्तर म्हणाले.

"तापू द्या की. चुलीवर घागर न्यायला आमास्नी लागतं, तुमास्नी न्हवं," कोंडाबाई म्हणाली.

मास्तरांनी कोट काढला आणि दोघांना हाताशी घेऊन पिंप चुलींच्या बाजूला हलवला. परत येताना म्हणाले, "माझी अनामत जप्त." तोच काय तो त्यांचा विनोद.

आणि मग कळलं की आमच्या भागाची मतदानाची जागा खोतांच्या वाड्यातली भाताची वखार आहे. खोतांचा स्वतःचा माणूस निवडणुकीला उभा होता. खाण खोतांची, चाळ खोतांची, पाण्याची विहीर खोतांची, आणि आता पडद्यासाठी भिंतही खोतांची. खाणीवरच्या बायकांनी कधी त्या फाटकातून आत पाऊल टाकलं नव्हतं, आणि टाकलं असेल तर कामाला किंवा बोलणी खायला. त्या तिथं जाऊन मत देणार नाहीत, हे उघड होतं.

मास्तरांनी अर्ज केला: मतदानाची जागा वखारीतून हलवून शाळेत न्यावी. सह्या घ्यायला ते निघाले तेव्हा पहिल्या दिवशी मी अर्ज पुरता ऐकला आणि सही केली. सुमन आत पोळ्या लाटत होती. तिनंही ऐकला.

दुसऱ्या दिवशी मास्तर अर्ज घेऊन पुन्हा दारात.

झालं असं होतं की अर्जात त्यांनी लिहिलं होतं, 'सदर जागी स्त्रियांची गैरसोय होते.' खाणीवर वाचून दाखवताना कोंडाबाईनं त्यांना थांबवलं होतं. "गैरसोय काय, मास्तर? वखार लांब हाय का काय? गैरसोय न्हाई. भ्या वाटतं. भ्या लिवा." मास्तर म्हणाले, सरकारी कागदात असं लिहीत नाहीत. ती म्हणाली, "मग आंगठा पन देत न्हाई. जे मी बोलले न्हाई त्याला आंगठा कशाला?"

मास्तरांनी रात्रीत सगळा अर्ज नव्यानं लिहिला: 'सदर जागी जाण्यास स्त्रियांना भीती वाटते.' आणि आधीच्या सगळ्या सह्या रद्द धरून पहिल्या दारापासून सुरुवात केली. मला म्हणाले, "कालची सही कालच्या कागदावर. आज पुन्हा ऐका." मी दुसऱ्यांदा ऐकला. मला आठवतंय, 'भीती' या शब्दावर ते क्षणभर थांबले होते. मी दुसऱ्यांदा सही केली. माझी सही तेव्हा मोठी झोकदार होती, खाली दोन रेघा आणि एक टिंब.

आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी खोतांचे दिवाणजी आमच्याकडे आले. सहज. चहा घेतला, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "ताम्हाणे, तुम्ही सरकारी नोकर ना? अजून कायम व्हायचंय म्हणतात. अर्जाबिर्जावर नाव दिसलं, म्हटलं चुकून असेल. उद्या चौकशी आहे शाळेत. साहेब भले आहेत, विचारतील फक्त." एवढंच. खोली सोडा म्हणाले नाहीत, नोकरीवर गदा येईल म्हणाले नाहीत. त्यांना म्हणावंच लागलं नाही. माझं मीच सगळं म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून शाळेत बसले होते. एका बाकावर मास्तर, भिंतीशी खाणीवरच्या बायका, दाराशी दिवाणजी. कारकूनसाहेब एकेकाला बोलावत होते. कोंडाबाईला विचारलं, "हा अंगठा तुझा?" ती म्हणाली, "माझा. आन 'भ्या' बी माझंच." लोक हसले. साहेबही हसले. सगळं नीट चाललं होतं. माझं नाव आलं.

"ही सही तुमची का?"

त्या खालच्या दोन रेघा. ते टिंब. आंधळ्यानंही ओळखली असती.

मी म्हणालो, "नाही."

सांगताना आजही माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. मला कुणी मारलं नव्हतं, कोंडलं नव्हतं. एका शब्दाचं काम होतं, आणि ते दगड फोडणाऱ्या बाईला जमलं होतं.

"तुमची नाही? मग कुणी केली?" साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. त्यांचं बोट बाकावर वाजत होतं, ते थांबलं. ते उठले, कोटाची बटणं सारखी केली आणि म्हणाले, "साहेब, ते 'होय' म्हणत नाहीत म्हणजे ती माझी. चूक माझी. ते नाव खोडा."

"म्हणजे ही सही तुम्ही केलीत?"

"जबाबदारी माझी म्हणतोय मी."

"अहो, तुम्ही दुसऱ्याच्या नावानं सही करता, मग बाकीच्यांचं काय खरं धरायचं?" साहेबांनी कागद मिटला. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट थोडं वाईट वाटल्यासारखाच होता. कोंडाबाई भिंतीपासून पुढे आली, "आवं, आमचे आंगठे खरं हाईत की!" पण कागद मिटला तो मिटला. अर्ज निकालात निघाला.

घरी आलो तर सुमननं पान वाढलेलं. मी नुसता भात चिवडत बसलो. ती म्हणाली, "दोन वेळा ऐकला होता तुम्ही. मी आतून ऐकत होते." एवढंच म्हणून आमटी वाढून आत गेली. आणखी बोलली असती तर मी भांडलो तरी असतो.

मतदानाच्या दिवशी मास्तर खाणीवरून बायकांना घेऊन निघाले. सुमन पदर खोचून उठली. "मी त्यांच्याबरोबर जाते," म्हणाली. मी आधीच जाऊन, दिवाणजींना नमस्कार करून मत टाकून आलो होतो. तिनं संध्याकाळी सांगितलं, की फाटकाशी दिवाणजी वही घेऊन बसले होते. लिहीत काही नव्हते, नुसती वही उघडी. पंचवीस-तीस बायका निघाल्या होत्या, फाटकाच्या आत सहा गेल्या. बाकीच्या रस्त्याच्या कडेला थोडा वेळ बसल्या आणि परत गेल्या. मास्तर कुणाला ओढत नव्हते, जा म्हणत नव्हते. फाटकाबाहेर उन्हात टोपी हातात घेऊन उभे होते, शेवटची बाई परत फिरेपर्यंत.

'तारमास्तर खोट्या सह्या करतो' हे मग सगळीकडे झालं. न्हाव्याच्या दुकानात मी हे माझ्या कानांनी ऐकलं, तोंडाला साबण लावलेला असताना. साबण काही तोंडात गेला नव्हता, तरी बोललो नाही. शाळेच्या कमिटीवर ते होते, तिथून त्यांना काढलं. लोक त्यांच्यासमोर कागदावर सही-अंगठा करताना, "बघा हं मास्तर, ही आमचीच," असं म्हणून हसत. ते "होय, तुमचीच" म्हणत आणि चिंधी पुढं करत.

महिन्याभरानं मी धीर करून त्यांच्याकडे गेलो. ते पोह्यांतले खडे वेचत होते. मी काहीबाही बोलू लागलो: नोकरी, मुलं लहान, दिवाणजी. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ताम्हाणे, मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच आहे. मामलेदारांना लिहा. सही माझी होती, एवढं एक वाक्य. तुम्ही लिहा, मी वाचून दाखवतो, तुम्ही 'होय' म्हणा. मग ती तुमची."

"आता निवडणूक तर झाली," मी म्हणालो.

"पुढची यायचीय. त्या बायकांचा कागद खोटा ठरून पडलाय तिथं. माझं जाऊ द्या, त्यांचा कागद खोटा नव्हता."

मी "लिहितो" म्हणालो. खरंच लिहायला बसलोही. 'मेहेरबान साहेबांस' लिहिलं आणि ठरवलं, कायम झाल्याचा हुकूम हातात पडू दे, मग लिहू. हुकूम पडला. मग ठरवलं, बढतीचं बघू. माणसाला भित्रेपणासाठी कारणांचा तुटवडा कधीच पडत नाही, कचेरीत तर नाहीच. मास्तरांनी पुन्हा कधी विचारलं नाही. दिसले की "काय ताम्हाणे" म्हणत, पूर्वीसारखंच. मीच त्यांची वाट टाळायला लागलो, आणि एक चाळ, एक नळ, एक विहीर असताना शेजाऱ्याला टाळणं हे केवढं कष्टाचं काम असतं ते मला विचारा.

दोन-तीन वर्षांनी त्यांनी पुन्हा अर्ज केला, मतदानाची जागा शाळेत न्यावी असाच. दुपारी दारात आवाज आला, "ताम्हाणे, आहात का?" ते उंबऱ्यापाशी बसले आणि अख्खा अर्ज वाचला. 'स्त्रियांना भीती वाटते' हे वाक्य तसंच होतं. मग विचारलं, "ऐकलंत ना पुरतं?"

"होय," मी म्हणालो आणि टाकासाठी हात पुढे केला. देवाशपथ सांगतो, या खेपेला मी केली असती.

त्यांनी कागदाची घडी घातली. "तुम्ही सरकारी नोकर. ऐकलंत, पुरे झालं," असं म्हणून ते पुढच्या दाराकडे गेले. टाक त्यांनी खिशातून काढलाच नव्हता. सुमननं आतून येऊन त्यांना हाक मारली, तेव्हा परत आले, तिच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि तिची सही घेऊन गेले.

त्यानंतर लवकरच मला घाटकोपरला सरकारी जागा मिळाली. अंधेरी सुटली. सुटलो, असंच मला वाटलं.

दुसऱ्या निवडणुकीत कचेरीतून मला मतदानाच्या कामावर नेमलं, आणि नेमणुकीच्या कागदावर गाव आलं अंधेरी पूर्व, जागा शाळा. वखार नव्हे, शाळा. तो अर्ज मंजूर झाला होता. माझ्याशिवाय.

माझं काम म्हणजे यादीतलं नाव मोठ्यानं वाचायचं, समोरचा माणूस तोच आहे ना हे विचारायचं, आणि खूण करायची. तोच वर्ग, तेच बाक. सकाळपासून रांग. खाणीवरच्या बायका नवी लुगडी नेसून आल्या होत्या, आणि हसत-खिदळत आत येत होत्या. दहाच्या सुमारास समोर बंद गळ्याचा कोट उभा राहिला. कोट तोच, पण आतला माणूस निम्मा झाला होता. एका हातात काठी, दुसरा हात कोंडाबाईच्या खांद्यावर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. समोर कोण बसलंय ते त्यांना दिसत नव्हतं.

मी नाव वाचलं. पुटपुटल्यासारखंच झालं.

"मोठ्यानं वाचा," ते म्हणाले. "पुरतं वाचा. ऐकू आल्याशिवाय मी कशाला 'होय' म्हणू?"

कोंडाबाईनं मला ओळखलं होतं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

"रघुनाथ सखाराम पेडणेकर," मी वाचलं. "तुम्हीच का?"

आवाजावरून त्यांना कळलं. काठीच्या मुठीवर बोट वाजत होतं, ते थांबलं. क्षणभर ते ज्या बाजूनं आवाज आला तिकडं बघत राहिले. मग सरळ उभे राहिले, एका हातानं कोटाचं वरचं बटण चाचपलं, आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "होय. मीच."

मी यादीवर खूण केली. ते काठी टेकत पडद्याआड गेले. मी पुढचं नाव वाचलं, कोंडाबाईचं, आणि विचारलं, तूच का?

"व्हय, म्याच," ती म्हणाली. "आन तुमी कोन?"

मागच्या बायका हसल्या. मी मान खाली घालून यादीतलं पुढचं नाव शोधत राहिलो.